दाताखालचं भात

मुसळ वर गेलं होतं, आता खाली यायचं... आणि मधल्यामधेच, हवेतच, ते सदूनं धरलं!

एका हातानं धरलं. जयवंताचे दोन्ही हात मुसळाला तसेच चिकटलेले, समोर इंदूबाईचं मुसळ धप्पकन उखळात पडलं आणि तिथंच उभं राहिलं.

"वैनी, बास झालं," सदू म्हणाला. "उद्यापासनं हे बंद."

"सोड रं. उखळातला घाणा अर्ध्यावर आलाय."

"सोडायला नाय धरलं. कर्जतचे दत्तोपंत आपल्या पोशीरला गिरण घालतात. भात कांडायची, सडायची गिरण! इंजन नेरळ टेसनावर उतरलं पन. आनि त्या इंजनाचा मिस्त्री कोन? मी!"

"अगं बया, मिस्त्री!" इंदूबाई पदरानं घाम पुसत हसली. "परवापातूर चौकला मोटारींची तोंडं पुसत व्हता नव्हं?"

सदूचा चेहरा लाल झाला. तो मूळचाच तापट... आणि बोचलं की त्याची जीभ कुणालाच ओळखायची नाही.

"तुमी मधी बोलू नका, इंदूकाकी. वैनी, नीट ऐक. गिरणीच्या मिस्त्रीची वैनी लोकांची भातं कांडत बसली हे चालायचं नाय. चौकला गॅरेजात मला काय म्हनायचे, ठावं हाय? कांडपिणीचा सदू! कांडपिणीचा सदू, पाना आन... कांडपिणीचा सदू, चाक धर... बारा वर्सं ऐकलं. लाज वाटते मला तुझी. लाज!"

झालं. सुटला तो शब्द. सदूलाही कळलं की सुटला, पण उचलून परत तोंडात घालायची काही सोय नव्हती. त्यानं मुसळ तिच्या हातातून ओढलं, शिडीवर चढला, माळ्यावर भिरकावलं आणि तरातरा निघून गेला.

जयवंता मात्र हात तसेच वर धरून उभी... जणू मुसळ अजून हातातच होतं.

ती या घरात आली तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि सदू तीन. सासू ती यायच्या आधीच वारलेली. पहिल्याच दिवशी तो शेंबडा पोर तिच्या लुगड्याचा काठ धरून म्हणाला, "आये, भूक." सगळी वऱ्हाडी मंडळी हसली. जयवंतानं त्याचं नाक पुसलं आणि म्हणाली, "आय नाय रं बाळा, वैनी म्हन. तुजी आय देवाघरी हाय, तिला काय वाटंल?" तो तीनदा 'आये' म्हणाला, तिनं तीनदा दुरुस्त केलं. चौथ्यांदा तो 'वैनी' म्हणाला. बस्स, तेच राहिलं.

तीन वर्षांनी येसाजी, तिचा नवरा, आठ दिवसांच्या तापात गेला. खंडानं केलेली शेतं मालकानं दुसऱ्याला दिली. घरात उरलं काय? एक अठरा वर्षांची विधवा, एक सहा वर्षांचा दीर, आणि पडवीतलं दगडी उखळ. जयवंतानं लुगडं खोचलं आणि मुसळ उचललं. गावातल्या अकरा कांडपिणींत ती बारावी झाली. समोरच्या घरातली इंदूबाई तिची जोडीदारीण. एक उखळ, दोन मुसळं... एकीचं वर, दुसरीचं खाली, एकदाही एकमेकांवर आदळायची नाहीत. लोकांनी भात आणून द्यायचं, ह्यांनी कांडून, पाखडून, सडून, म्हणजे वरचा कोंडा उतरवून, पांढराशुभ्र तांदूळ परत करायचा. बदल्यात थोडा तांदूळ आणि खालच्या कण्या. त्या कण्यांच्या पेजेवर सदू वाढला. ताडमाड वाढला! एकोणीस वर्षं त्या मुसळानं घर तोललं होतं, आणि आज तेच मुसळ लाजेचं झालं...

त्या दिवसापासून घरात बोलणं संपलं. जयवंता ताट वाढायची, सदू जेवायचा. ती तांब्या भरून ठेवायची, तो पाणी प्यायचा. शब्द नाही! ती इंदूबाईच्या पडवीत, इंदूबाईच्या जाऊबाईचं मुसळ मागून कांडायला बसू लागली. ते तिच्या हाताला लांब पडायचं. रोज नवा फोड यायचा. पण माळ्यावर चढून आपलं मुसळ काढायला ती गेली नाही, आणि सदूनंही दिलं नाही.

इंजन आलं ते नेरळच्या रस्त्यानं, दोन गाड्या एकीला एक बांधून, पुढं दहा बैल जुंपून. दुसरी मोठी लढाई सुरू होऊन वर्ष होऊन गेलं होतं. पोरांना वाटलं तोफच आली! काळंभोर धूड, माणसाच्या उंचीचं चाक. म्हातारा नामा हात जोडून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं ते नव्हतंच.

पंधरा दिवसांनी, सकाळची वेळ. जयवंता आणि इंदूबाई उखळापाशी बसलेल्या, घाणा नुकताच उखळात ओतलेला, मुसळं अजून भिंतीलाच टेकलेली. आणि गावाच्या टोकाकडून आवाज आला... टुक... टुक... टुक-टुक-टुक-टुक...

"जयवंते! उखळात बघ!" इंदूबाई किंचाळली.

उखळातलं भात नाचत होतं. कुणी हात लावला नव्हता, मुसळ भिंतीला होतं, आणि भाताचे दाणे आपसूक थरथरत होते, एकमेकांवर चढत होते, उतरत होते. भुईतून, दगडातून तो थरार येत होता. जयवंतानं उखळाच्या काठाला हात लावला. एकोणीस वर्षं उखळाचा दगड हलला होता तो तिच्याच हातानं. आज पहिल्यांदा तो दुसऱ्याच कुणाच्या तरी हुकमानं हलत होता.

तिला भीती वाटायला हवी होती. राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर तिच्या अंगावर काटा आला तो नवलाचा! ती उठली आणि चालू लागली. इंदूबाई "कुटं गं?" म्हणतेय तोवर ती वळणाच्या पार.

गिरणीत सगळं गाव लोटलेलं. पत्र्याच्या छपराखाली ते इंजन श्वास घेत होतं. छपराच्या वर नळीतून धुराची गोल गोल कडी निघत होती, एकामागून एक, आणि मोठी होत होत माथेरानच्या डोंगराकडं चालली होती. लांब पट्टा सळसळत त्या टोकाच्या यंत्रावर जात होता. हलर म्हणत त्याला. वरनं एकानं पाटीभर भात ओतलं, आणि खालच्या तोंडातून... जयवंतानं डोळे चोळले... खालच्या तोंडातून तांदूळ पडायला लागला! पांढरा, अखंड, पाखडलेला, सडलेला. मागच्या बाजूनं तूस वेगळं उडत होतं. दोघी बायांचं सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंतचं काम, आणि गिरणीतल्या विठू हमालाची एक विडी ओढून होईपर्यंत ते संपलंसुद्धा! आणि त्याला घाम नाही, दम नाही, कंबर धरून उठणं नाही...

माणसानं केलं हे! देवानं नाही, माणसानं! जयवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या इंजनाच्या कुशीशी, हातात तेलाची झारी घेऊन, गुडघ्यावर बसून, कान लावून कोण ऐकत होता? तिचा सदू. लहानपणी तापानं फणफणलेल्या त्याच्या छातीला ती जसा कान लावायची, अगदी तसाच.

ती त्याच्या नजरेस न पडता परत आली. "कसं हाय?" इंदूबाईनं विचारलं.

"इंदे," जयवंता म्हणाली, "आपलं संपलं."

तिच्या आवाजात दुःख कमी आणि नवलच जास्त होतं. इंदूबाईला त्याचाच राग आला.

पण संपलं नाही. निदान लगेच नाही.

पहिला महिना लोक आपापल्या घरी वाळवलेलं भात घेऊन यायचे आणि सोन्यासारखा तांदूळ घेऊन जायचे. दत्तोपंतांचा हुरूप वाढला. दत्तोपंत मूळचे कर्जतचे शाळामास्तर. जाड चष्मा, पांढरं उपरणं आणि डोक्यात सदा काहीतरी नवं. त्यांनी गिरणीपुढं सिमिटाचं खळं घातलं. तीस हात लांब, तीस हात रुंद, आरशासारखं! शेणानं सारवायला नको, उंदरांची बिळं नकोत, माती लागायला नको. "आता ओलं भात तसंच आणून टाका," ते म्हणाले, "वाळवायचं कामसुद्धा गिरणीचं!" लोकांना बरंच झालं. सिमिटावर भात पसरायचं, दिवसभर कडकडीत तापवायचं, आणि ऊन उतरायच्या आत तसंच पाट्यांनी उचलून हलरात.

आणि गिरण भात मोडायला लागली.

आधी थोडं, मग अर्धं, मग सगळंच. कोळंबा जातीचं लांबसडक भात वरून जायचं आणि खाली पडायच्या नुसत्या कण्या! "तांदूळ व्हवा तर घरी कांडा, पेज व्हवी तर गिरणीत जावा," पारावर लोक हसायला लागले. सदूनं हलर खोलला, पुसला, जोडला. पट्टा सैल केला, आवळला. पुन्हा कण्या. रात्रंदिवस त्याला तेच. गाल बसले, डोळे खोल गेले. मुंबईहून एक मोठा मिस्त्री बोलावला, त्यानं दोन तास यंत्र तपासलं, हात धुतले आणि सांगितलं, "मशीन उत्तम आहे. हात वाईट आहे." आणि पाचच्या गाडीनं निघून गेला.

दत्तोपंत माणूस म्हणून वाईट नव्हते. पण तेही किती दिवस थांबणार? "सदू, शिमग्यापर्यंत बघू," ते म्हणाले. "नाहीतर मला दुसरा मिस्त्री आणावा लागेल, बाबा."

आणि गावात पुन्हा धप... धप... सुरू झालं. कांडपिणींच्या दारात भाताच्या गोणी परत आल्या. इंदूबाईनं तर उखळाला हळदकुंकू वाहिलं! एका दुपारी ती गिरणीतल्या कण्या ओंजळभर घेऊन जयवंताकडं आली, आणि हसत हसत तिच्या पदरात ओतलं.

"घे. तुझ्या दिराचा पराक्रम! लाज वाटते म्हनं त्याला आपली. आता बघ म्हनावं, कुनाला कुनाची लाज वाटते ती!"

जयवंतानं त्या कण्या तळहातावर पसरल्या. बोटानं एक-एक वेगळी केली, उन्हाकडं धरली... आणि तिला ओळख पटली.

यंत्रानं चिरडलेला दाणा कडेला भुगा होतो, तिला माहीत होतं. मुसळाचा घाव चुकला की तसाच होतो. पण हे दाणे चिरडलेले नव्हते. हे कमरेत मोडले होते, आडवे, लख्ख, जणू आधीच चिरलेले आणि नुसता धक्का लागून सुटलेले. लग्नाच्या पहिल्या वर्षी घाईघाईत तिनं नदीकाठच्या काळ्या कातळावर भात वाळवलं होतं, चैत्राच्या उन्हात. कांडलं तर अस्सेच दाणे! सगळ्या भाताच्या कण्या! येसाजीला कळलं तेव्हा तो नुसता हसला आणि महिनाभर कण्याच खाल्ल्या, एका शब्दानं बोलला नाही. तेव्हापासून ती कुणाचंही भात कांडायला घेण्याआधी एक दाणा दाताखाली धरायची. एकदा 'कट्' वाजलं तर भात चांगलं. 'कट्-कट्' असं दोनदा वाजलं तर ते आत आधीच तडकलेलं.

म्हणजे गिरणीत खोट नव्हती. सदूच्या हातात खोट नव्हती. खोट बाहेर होती... त्या आरशासारख्या खळ्यात!

"काय गं? गप का झालीस?" इंदूबाईनं विचारलं.

"काय नाय," जयवंता म्हणाली.

दोन दिवस तिनं ते पोटात ठेवलं. दोन दिवस! बोललं नाही तर काय होईल? काहीच नाही. सदूची नोकरी जाईल, गिरणीला कुलूप लागेल, बारा घरांच्या चुली तशाच पेटत राहतील. आणि सदूला धडा मिळेल. मिळायलाच हवा होता, नाही का? त्या शब्दाची सल अजून तिच्या छातीत होती... लाज वाटते मला तुझी...

आणि बोललं तर? इंदू. म्हातारी चंद्राबाई, जिला डोळ्यांनी दिसत नाही पण जी हातानं कण्या वेचते. त्या सगळ्यांच्या पोटावर ती आपल्या हातानं घाव घालणार. आपल्याही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सदू घरी आला, ताटावर बसला आणि न जेवता उठला. जाताना त्यानं आपला तेलकट सदरा खुंटीला अडकवला. कामावर निघालेला माणूस कामाचा सदरा घरी ठेवून गेला! जयवंता त्या सदऱ्याकडं बघत राहिली. ज्या पोराला तिनं कण्यांवर वाढवलं, तो कण्यांनीच मोडत होता...

तिनं आपल्या कणगीतलं मूठभर भात पदराला बांधलं आणि निघाली. वाटेत इंदूबाई आडवी आली.

"कुटं?"

"गिरणीत. मला कळलंय भात कशानं मोडतंय ते."

इंदूबाईला आधी उमगलंच नाही. मग उमगलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "येडी झालीस का काय? जयवंते! अगं, देवानं आपल्याला परत दिलंय..."

जयवंता थांबली नाही. इंदूबाई मागं धावली, पदर ओढत, शिव्या देत, रडत.

भर दुपार. खळ्यावर भात पसरलेलं. छपराखाली दत्तोपंत, विठू हमाल आणि चार गिऱ्हाइकं. इंजनाला टेकून सदू, नुसत्या बंडीत. जयवंता अनवाणी सरळ सिमिटावर चढली आणि चार पावलांत पाय झटकत उडाली.

"अगं आई गं! हे खळं हाय का भाकरीचा तवा?"

सदूनं तिला पाहिलं आणि सगळा अपमान, सगळी जागरणं एकदम त्याच्या डोक्यात चढली. "तू हितं कशाला आलीस? तमाशा बघाया? घरी जा! आदीच काय कमी हसतात लोकं..."

"ए मिस्त्री!"

हा आवाज जयवंताचा नव्हता. इंदूबाईचा! जी तिला ओढून न्यायला आली होती, तीच आता पदर खोचून पुढं झाली होती. "तोंड सांबाळ! कुनाशी बोलतोस? ठावं हाय का तुला, येसाजी गेल्यावर खालापूरच्या कोंडाजीनं हिला पाटासाठी, दुसऱ्या लग्नासाठी, मागनी घातली व्हती? स्वताची जमीन, दोन बैल, घरात दुभतं! अठरा वर्साची पोर व्हती ही! आमी समद्या म्हनलो, जा, सोनं हुईल जल्माचं. कोंडाजी म्हनाला, बाई पाहिजे, पोरगं नको. हिनं काय केलं? तुला कडेवर घेतलं आनि म्हनाली, मंग बाई बी मिळायची नाय! आनि तुला हिची लाज..."

"इंदे, गप!" जयवंता ओरडली.

पण शब्द गेला होता. सदूच्या हातातला पाना खाली पडला. कुणी उचलला नाही.

जयवंतानं त्याच्याकडं बघितलंच नाही. बघितलं असतं तर ती रडली असती, आणि रडायला तिला वेळ नव्हता. तिनं पदराची गाठ सोडली. "मास्तर, इकडं या. हा माझ्या घरचा दाना. दाताखाली धरा. चावा."

"मी?" दत्तोपंत म्हणाले.

"तुमचीच गिरण नव्हं?"

दत्तोपंतांनी चष्मा सावरला, दाणा दाढेखाली धरला. कट्.

"आता हा तुमच्या खळ्यावरचा."

कट्-कट्.

दत्तोपंतांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी दुसरा घेतला. कट्-कट्. तिसरा. विठू हमालानं घेतला, गिऱ्हाइकांनी घेतला, आणि बघता बघता ती सगळी बापे माणसं त्या उन्हात उभी राहून गंभीर चेहऱ्यानं भात चावायला लागली.

"तुमचं यंत्र मोडत नाय, मास्तर. यंत्रात जायच्या आदीच मोडलंय. हे सिमिट तापतं, दाना भायेरनं कडक व्हतो आनि आतनं ओलाच ऱ्हातो, आनि तडकतो. वरनं तुमी गरम गरमच घालता. भाताला बी निवायला लागतं, मास्तर. बाळंतिणीवानी."

"मग करायचं काय?"

"शेनाची भुई अशी तापत नाय. सिमिटावर शेन सारवा."

दत्तोपंत दचकले. "अहो बाई! सिमिटावर शेण? लोक काय म्हणतील?"

"आता काय म्हनतात ते ऐकलंय का?"

विठू फसकन हसला. मग दत्तोपंतही हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं.

खळं सारवलं गेलं. भात सकाळच्या उन्हात पसरलं, दर घटकेला पायांनी उलटलं, ऊन कडक व्हायच्या आत गोळा करून गोणपाटाखाली निववलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी जयवंतानं ढिगातला दाणा चावला आणि मान हलवली. सदूनं चाक फिरवलं. टुक... टुक... आणि खालच्या तोंडातून तांदूळ पडला. लांब, अखंड, एकूण एक दाणा कमरेत ताठ! विठू हमालानं ओंजळ पुढं केली आणि ती भरून सांडेपर्यंत तसाच उभा राहिला, तोंड उघडं टाकून. इतकं सुंदर काही आपल्या गावात होतं हे जणू कुणाला माहीतच नव्हतं.

आणि गावातली उखळं थांबली. या वेळी कायमची. धप... धप... ऐकून उठायची सवय लागलेलं पोशीर त्या पहिल्या सकाळी उशिरा उठलं. गुरंसुद्धा उशिरा सुटली.

जयवंतानं दत्तोपंतांकडं एकच मागितलं: खळं कांडपिणींच्या हाती द्या. वाळवणं, उलटणं, पाखडणं, निवड... ज्यांचे हात रिकामे झाले त्यांनाच. दत्तोपंतांनी सहा जणींना घेतलं. बाराजणींना पुरेल एवढं काम तिथं नव्हतं, आणि ते खोटं बोलले नाहीत. चौघी नेरळला वीटभट्टीवर गेल्या. एक माहेरी निघून गेली. म्हातारी चंद्राबाई चौकला लेकीकडं राहायला गेली. जाताना तिनं जयवंताच्या तोंडावरून हात फिरवला, आणि जयवंता त्या दिवशी जेवली नाही.

सहावी जागा रिकामीच होती, इंदूबाईची. "तुझ्या गिरणीचा उंबरा चढले तर नावाची इंदू नाय," ती म्हणाली होती, आणि दार लावून घेतलं होतं.

आणि सदू? त्या दुपारपासून सदू गप्पच होता. पण आधीचं गप्प वेगळं होतं आणि हे वेगळं. आधी तो तिच्याकडं बघायचा नाही. आता ती पाठमोरी झाली की बघतच राहायचा. शिमगा झाला. एक दिवस ती गिरणीत असताना तो माळ्यावर चढला आणि मुसळ खाली काढलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. खालच्या टोकाला कड्यासारखी बसवलेली लोखंडी वसवी झिजून पत्र्यासारखी झालेली. आणि मधे, जिथं हात धरतात तिथं, लाकडात दोन खोलगट खाचा पडलेल्या. बोटांच्या. सदूनं आपली बोटं त्या खाचांत ठेवली. बसली नाहीत! मिस्त्रीचा रुंद पंजा, आणि त्या खाचा एवढ्याशा, एका अठरा वर्षांच्या पोरीच्या बोटांच्या... तो तिथंच शिडीच्या पायरीवर बसला आणि हमसून हमसून रडला.

गुढीपाडव्याला दत्तोपंतांनी इंजनाची पूजा ठरवली. गाव जमलं. झेंडूची माळ, नारळ, उदबत्ती. दत्तोपंत नारळ उचलतात न उचलतात तोच सदू गर्दीतून आत आला. खांद्यावर मुसळ. त्यानं ते इंजनाशेजारी उभं केलं, पुसलं, आंब्याचा डहाळा बांधला आणि दत्तोपंतांना म्हणाला, "आदी ह्याची पूजा, मास्तर. मंग इंजनाची."

कुणीतरी मागं कुजबुजलं, "मुसळ? गिरणीत?"

"व्हय, गिरणीत!" सदू गर्रकन वळला. तोच तापटपणा, तोच आवाज. "हे नसतं तर मी नसतो. मी कांडपिणीचा सदू हाय! कुनाला काय म्हनायचंय?"

दत्तोपंतांनी हातातला नारळ आधी मुसळापुढं फोडला.

जयवंता खळ्याच्या कडेला उभी होती. तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. आणि तेवढ्यात तिच्या कानाशी खेकसल्यासारखा आवाज आला, "भात असं पसरतात व्हय? कोंबड्यांनी चिवडल्यावानी? सरक!" इंदूबाई! नवं लुगडं खोचून ती खळ्यावर उतरली आणि पायांनी भात उलटायला लागली. जयवंता तिच्या समोर गेली. एकीचा पाय पुढं, दुसरीचा मागं... एकदाही एकमेकींवर आदळले नाहीत.

"दाना!" सदूनं आतून हाक दिली. हल्ली तिनं दाणा चावल्याशिवाय तो चाकाला हात लावायचा नाही.

जयवंतानं वाकून ढिगातला दाणा उचलला, दाताखाली धरला. कट्. एकदाच. तिनं हात वर केला.

इंजन धडधडलं, भुई थरारली, धुराचं पहिलं कडं आभाळात गेलं. त्या गदारोळात सदूनं तिच्याकडं पाहिलं आणि काहीतरी म्हणाला. ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण तिला ओठ दिसले. तीन वर्षांच्या पोराचे ओठ हलले होते, अगदी तसेच हलले ते.

"आये."

जयवंतानं एक क्षण डोळे मिटले. या वेळी तिनं दुरुस्त केलं नाही.

"माझ्याकडं काय बघतोस?" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "पट्ट्याकडं बघ, पट्टा सुटंल!"